चौथा मजला, लिफ्ट नाही

"लिफ्ट नाही," असं म्हणत शैलेंद्रने यादीतलं सातवं हॉटेल काढून टाकलं.

शनिवारची संध्याकाळ होती. जपानमधल्या सेंदाई शहरातल्या त्या लहानशा घरात टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि लॅपटॉपवर टांझानियातलं अरुशा गाव. सेरेंगेटीला जाणाऱ्या जीपगाड्या तिथूनच सुटतात, त्यामुळे गावात हॉटेलं उदंड. शैलेंद्रला मात्र एकही पसंत पडत नव्हतं. एकाच्या बाथरूमला उंबरा होता. एकाच्या आवारात सगळी खडी. एक अगदी मनासारखं होतं, पण तिथून हॉस्पिटल पंचवीस मिनिटांवर.

एवढी चिकित्सा चालली होती ती आईसाठी. कुमुदिनीने नाशिकच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर लागला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प होत, इतकं ती त्या गवताळ रानाबद्दल रंगून बोलायची. स्वतः मात्र तिथे कधी गेली नव्हती. आता बहात्तराव्या वर्षी योग आला होता. मे महिन्यात ती तीन महिन्यांच्या व्हिसावर लेका-सुनेकडे आली होती. ऑगस्टमध्ये तिघांनी मिळून अरुशाला जायचं आणि तिथून तिने घरी परतायचं, असं ठरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती घरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. फोन आला तेव्हा शैलेंद्र इथे लॅबमध्ये होता. तो नाशिकला पोचला तिसऱ्या दिवशी, तोवर शेजाऱ्यांनी सह्या करून ऑपरेशनही उरकलं होतं. तेव्हापासून तो आईला काचेच्या भांड्यासारखं जपायचा.

आई समोर बसून शेंगा सोलत होती. तिने स्क्रीनवरच्या एका फोटोवर बोट ठेवलं.

"हे बघ. गच्चीवर नाश्ता. ढग नसले तर समोर मेरू पर्वत."

"चौथा मजला आहे, आई. लिफ्ट नाही."

"मग जिना असेलच की."

"आणि पडलीस तर? परक्या देशात मी काय करू?"

आईने पुढची शेंग फोडली. शैलेंद्रची बायको वृंदा ओट्यापाशी होती. ती काहीतरी सांगायला वळली, पण सासूने तिला नजरेनेच थांबवलं. झोपायला जाताना आई एवढंच म्हणाली, "उद्या पावणेसहाला उठ. माझ्याबरोबर यायचंय."

रविवारी पावणेसहाला उठणं म्हणजे शैलेंद्रला शिक्षाच. एरवी तो आठच्या आत डोळे उघडत नसे. धुसफुसत तो बाहेर आला तर आई पंजाबी ड्रेस आणि बूट घालून दारात उभी. ती निघाली ती सरळ नदीच्या दिशेने. पूल ओलांडला, सिग्नलला थांबली, डावीकडे वळली. एकदाही तिने त्याला रस्ता विचारला नाही. शेवटी दोघं एका टेकडीच्या पायथ्याशी आले. वर देऊळ होतं आणि देवळापर्यंत दगडी पायऱ्या, शंभराला दोन कमी.

शैलेंद्रने घाईने तिचा दंड धरला. तिने तो अलगद सोडवून घेतला.

"मी होते पुढे. तू ये तुझ्या चालीने."

आणि ती चढायला लागली. पन्नासाव्या पायरीवर शैलेंद्रचा शर्ट पाठीला चिकटला. साठाव्या पायरीला त्याने कठडा धरला. वर आईची नारिंगी ओढणी एका लयीत चालली होती, ना घाई ना थांबणं. हाक मारावी असं त्याला फार वाटलं, पण हाक मारायला छातीत हवाच शिल्लक नव्हती.

तो धापा टाकत वर पोचला तेव्हा झाडांखाली वीसेक म्हातारी माणसं जमली होती. "कुमु-सान, ओहायो!" असा एकच गलका झाला. साडेसहा वाजले, कट्ट्यावरच्या रेडिओवर पियानो सुरू झाला आणि सगळ्यांनी व्यायामासाठी हात वर केले. दुसऱ्या रांगेत एक जागा मोकळी होती. आई तिथे जाऊन उभी राहिली. ती वाकली, वळली, सगळ्यांबरोबर जपानीत मोठ्याने आकडे मोजू लागली. मग सगळ्यांनी उड्या मारल्या, तेव्हा तिनेही मारल्या. लहानशाच, पण दोन्ही पाय जमिनीवरून उचलून.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सातो-सानांनी शैलेंद्रच्या हातात गार चहाचा कप दिला. "तुम्ही मुलगा ना?" त्यांनी जपानीत विचारलं. "दोन महिन्यांत तुमच्या आई फक्त दोनदा चुकल्या. दोन्ही दिवशी वादळ होतं."

शैलेंद्रला हसू आलं आणि ते आवरेना. हसता हसता डोळे कधी भरून आले, त्याचं त्यालाच कळलं नाही.

आई घाम पुसत त्याच्याजवळ येऊन बसली. "मी पडले, ते तुझ्या मनातून जात नाही," ती म्हणाली. "मी उठले, ते कधी बघणार होतास?"

त्याने मान डोलावली. जरा दम खाऊन म्हणाला, "घरी गेलो की लगेच ते गच्चीवालं हॉटेल बुक करतो."

"ते वृंदाने बुधवारीच केलं," आई उठत म्हणाली. "मला चौथा मजला मिळालाय. तुम्हा दोघांना मी तळमजला मागून घेतला, तुला जिने सोसत नाहीत म्हणून."