दाराबाहेरचं गाणं

ऑर्व्हिल स्टिडमनं गाता गाता उजवा पाय वर उचलला. आमच्या डोंगरात गाणाऱ्यानं पाय उचलला की वाजवणाऱ्यांनी समजायचं, ही शेवटची फेरी, आता थांबायचं. डेल्मरनं व्हायोलिन हनुवटीखालून काढलं, बँजोवाल्यानं तारांवर तळवा ठेवला. थांबलं नाही ते फक्त माणूसभर उंचीचं, जाड तारांवर खर्जात ठेका देणारं बेस. ते वाजवत होती व्हर्ना, ऑर्व्हिलची बायको.

शनिवारची दुपार होती. आगीचा बंब बाहेर उभा करून त्याच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. हे गाणंही दर शनिवारचंच. ऑर्व्हिलनंच रचलेलं, स्वतःवरच. दारूपायी तो बायको-लेकीला टाकून ओहायोला निघून गेला, दीड वर्षानं परत आला, भर पावसात ओसरीवर उभा राहिला. दार बंद आणि आतून रडण्याचा आवाज. ‘असल्या माणसाला कुणी दार उघडू नये’ या ओळीवर गाणं संपायचं आणि समोरच्या बायका डोळे पुसायच्या. सव्वीस वर्षं तो हे गात होता, आणि सव्वीस वर्षं व्हर्ना त्याच्या मागे उभी राहून ठेका धरत होती. स्वतःच्याच रडण्याला ठेका धरणारी बाई आम्ही तरी दुसरी पाहिली नाही.

आज गाणं सुरू होण्याआधी नव्या पाद्र्याची बायको तिच्याजवळ आली होती. मागच्या शनिवारी हे गाणं तिनं पहिल्यांदा ऐकलेलं. जॅमकेकचा भलामोठा तुकडा व्हर्नाच्या हातात देऊन ती हळूच म्हणाली, तुम्ही कसं सोसलंत हो हे सगळं. केक चांगला होता म्हणून व्हर्नानं खाल्ला, पण ती कीव काही तिच्या घशाखाली उतरेना. असे केक तिनं आजवर बरेच खाल्ले होते.

बेस चालूच राहिलं. ठेका चालू असताना बाकीच्यांना थांबता येईना. डेल्मरनं निमूट व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली घेतलं. ऑर्व्हिलला वाटलं, हिचं लक्ष नाही. त्यानं पाय आणखी वर उचलला. साठी उलटलेला माणूस गिटार सावरत एका पायावर उभा राहिलेला बघून लोक हसायला लागले.

“पाय खाली ठेव, पडशील,” व्हर्ना म्हणाली. “गाणं संपलेलं नाही.”

“एवढंच आहे गाणं.”

“मी दार उघडलं होतं, ऑर्व्हिल.”

शेडमधलं हसू थांबलं. ऑर्व्हिलनं पाय खाली ठेवला. ते काही गाण्यात घालण्यासारखं नाही, असं तो मागे न वळताच पुटपुटला.

“मी तुला माफ केलं त्याच संध्याकाळी,” व्हर्ना म्हणाली. “आणि तू मला अजून दाराआड रडत बसवलंयस. लोक मला केक आणून देतात रे. काढ मला तिथून.”

तिचा आवाज चढला होता, ठेका मात्र जरासुद्धा हलला नाही. सूर एकदा फिरून आले, दोनदा आले. ऑर्व्हिल तोंड उघडायचा आणि मिटायचा. त्याच्याकडे बघून आम्हाला भरून आलं. माणूस खरंच चांगला आहे. तिचे गुडघे दुखतात म्हणून ते अवजड बेस घरापासून इथवर दर शनिवारी तोच उचलून आणतो. सगळ्या गावानं त्याला कधीच पदरात घेतलं होतं, तो एकटाच तेवढा स्वतःला सोडायला तयार नव्हता.

चौथ्या फेरीला तो गायला. दार उघडलं, असं गायला. ती उंबऱ्यात उभी राहिली, कडेवर लेक, आणि म्हणाली, जेवलास का. तिथे तो अडला.

“मग?” व्हर्नानं विचारलं.

गाणं चालू असताना तो आजवर कधी तिच्याकडे वळला नव्हता. आता वळला.

“मग मी जेवलो,” तो म्हणाला. गायला नाही, नुसतं म्हणाला. “तेच गाता येत नाही मला. लाज वाटते गं. रडून रडून तुझं तोंड सुजलेलं, आणि मी घेवडा अन् मक्याचा पाव तीन-तीनदा वाढून घेतला. इतकं बरं वाटत होतं मला.”

“चारदा,” व्हर्ना म्हणाली, आणि मगच तिनं तारांवर हात ठेवला.