पाळीच्या तासांचा क्रम

“अपघात केव्हाही होतात, नशीब म्हणायचं,” पडद्यावरच्या आलेखातले पाळीच्या तासागणिक अपघातांचे उंचसखल खांब दाखवत मॅनेजर दाभोळे म्हणाले. गेल्या वर्षी पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली चार बोटं गमावलेला कामगार रज्जाक मान खाली घालून ऐकत होता.

“सर, सॉफ्टवेअरनं पाळीचे तास अक्षरक्रमानं लावलेत. आठवा पहिल्याच्या आधी आलाय,” म्हणत इंजिनिअर सुखदानं क्रम बदलला. खांब जिन्यासारखे चढत गेले. सगळ्यात उंच आठव्या तासाचा.

दाभोळेंनी लॅपटॉप तिच्या बोटांवरच दाणकन मिटला. ती किंचाळली. रज्जाकनं धडधाकट हातानं त्यांची गचांडी धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं.

“आठव्याच तासाला थकला होता माझा हात! वर्षभर स्वतःलाच शिव्या घातल्या मी!”

खाली कारखान्यात प्रेसचे दणके चालूच होते. दिवसपाळीचा आठवा तास लागला होता. रक्ताळलेल्या दाभोळेंना तिथंच टाकून रज्जाक मेन स्विचकडे धावला.