पखाल्याचा परिच्छेद

“पखाल्यानं वळून पाहिलं, पूर्णविराम. नवा परिच्छेद. खिंडीत आता धूर तेवढा उरला होता, पूर्णविराम.”

ताई मूळप्रत वाचत होत्या आणि समोर बसलेले काका प्रुफावर लाल पेनाचं टोक ओळीओळीनं सरकवत होते. छापखान्याच्या माडीवरच्या या खोलीत पुस्तकं अशीच तपासली जातात. एकानं मूळप्रत विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेलं ताडून पाहायचं. आवाजात चढउतार नको, हसू नको, रडू तर नकोच. अर्थ कळायला लागला की चुका निसटतात, असं काका नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत.

काकांचं पेन थांबलं. प्रुफात धुराच्या आधी एक अख्खा परिच्छेद होता. ताईंनी तो वाचलाच नव्हता.

“ताई, एक परिच्छेद गाळलात.”

“माझ्या प्रतीत नाही.”

“नाही कसा? इथे चांगला आठ-दहा ओळींचा आहे.”

“नाही म्हटलं ना! टाइप करणाऱ्यानं पदरचा घातला असेल.”

टाइप करणारा शब्द खातो, ओळी खातो, पण पदरचं काही घालत नाही. तेवढी हौस असते कुणाला? हे ताईंनाही ठाऊक होतं. त्यांनी मूळप्रतीच्या त्या पानावर पंजा पसरून ठेवला होता, एखाद्यानं झाकण दाबून धरावं तसा.

राखेच्या राजांच्या लढाईची ही लांबलचक मालिका, आणि हा तिचा शेवटचा खंड. लेखकाला काका ‘यमाचा कारकून’ म्हणत. चांगलं माणूस दिसलं रे दिसलं की हा त्याला मारणार. पहिल्या खंडाला ताईंनी नाक मुरडलं होतं. उडत्या सापांची लढाई कोण वाचतं म्हणे! मग त्यात पखाल्या आला. हातात शस्त्र नाही, पाठीवर पाण्याची पखाल, आणि रणात फिरून दोन्हीकडच्या जखमींना पाणी पाजतो. त्याच्यापायी ताई वेळेच्या आधी कामावर यायला लागल्या. 

मधल्या काळात त्यांचा मुलगा खऱ्या लढाईवर गेला. “त्याला लढायचं नाही, नुसती रसद पोचवायचीय,” असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. गोळी जशी काही आधी काम विचारते! आता त्याचा पत्ता नव्हता. फोनवरचा अधिकारी दर वेळी ‘बेपत्ता’ म्हणत होता आणि त्यापुढे एक अक्षर बोलत नव्हता.

काकांनी तो परिच्छेद मनात वाचला. बाण पखालीतून आरपार जाऊन पाठीत घुसला होता. पाणी आधी सांडलं होतं, रक्त मागून.

लेखकांशी स्वल्पविरामासाठी भांडणारा हा माणूस. त्यांनी लाल पेनानं त्या परिच्छेदावर आडवी रेघ ओढली आणि समासात ‘काढा’ अशी खूण केली.

“काढला. चला पुढे.”

ताईंनी मान हलवली आणि पान उलटलं. “पखाल्याला चौघांनी उचललं, पूर्णविराम. त्याचं गाव दोन डोंगर पलीकडे होतं, पूर्णविराम. कुणीही...” 

त्या थांबल्या.

काकांनी भराभर पुढची प्रुफं चाळली. पुढचं सगळं प्रकरण तेच होतं. डोंगर, नदी, चौघांचे खांदे, आणि शेवटी दारात उभी असलेली आई.

“ताई,” ते हळूच म्हणाले, “एवढं सगळं कसं काढू हो मी? प्रकरणभर तो खांद्यावरच आहे.”

पुढची पानं ताई डोळ्यांनीच वाचत गेल्या, अर्थासकट. खाली यंत्राची धडधड चालू होती. वाचून झाल्यावर त्यांनी पानं टेबलावर ठोकून सारखी केली आणि पदरानं चष्मा पुसला.

“तो परिच्छेद राहू द्या, काका.”

“नको ताई, आता...”

“राहू द्या. मेल्याशिवाय त्याला घरी कोण आणून देणार?”

काकांनी ओढलेल्या रेघेखाली टिंबं दिली. काढलेलं राहू द्या, असा त्या टिंबांचा अर्थ असतो.

ताईंनी परिच्छेद वाचला. बाण, स्वल्पविराम, पखाल, स्वल्पविराम, पाणी, पूर्णविराम. आवाज जराही हलला नाही. मग त्या पुढच्या प्रकरणात गेल्या. डोंगर ओलांडले, नदी उतरली. काकांचं पेन एकेका शब्दाखालून त्यांच्या मागे जात राहिलं.

“आईनं त्याच्या तोंडावरची धूळ पुसली, पूर्णविराम. मग पाय धुतले, पूर्णविराम. नशीबवान आहे बाई, पूर्णविराम.”

प्रुफात हे शेवटचं वाक्य नव्हतं. काकांचं पेन ते शोधत दोन ओळी खाली गेलं आणि तिथंच थांबलं.