हाड धरेपर्यंत

नवलच्या आईच्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "याच्यावरच्या लेपाला हळूहळू हाड धरेल."

"भाऊ, माले माहेरले लई चाल, पिंपळनेरले," आई म्हणायची.

"हाड धरू दे, मग नेतो माहेरी," नवल दर वेळी सांगायचा. त्याआधीच ती गेली.

राख सावडताना सांधा हाती आला. अस्थी नवलने तापीत सोडल्या. सांधा मात्र त्याच्याने सोडवेना. आईच्या लुगड्यात गुंडाळून त्याने तो पिंप्राळ्यातल्या आपल्या घरी कपाटात ठेवला.

महिन्याभराने पाहिलं, तर त्यावर पांढरं हाड धरलं होतं. "रविवारी नेतो," तो पुटपुटला. तो रविवारही तसाच गेला.

आज त्याने लुगडं उलगडलं. हाड वाढत वाढत टाचेपर्यंत आलं होतं, आणि टाचेला ओली माती होती.