नितळ ठिपका
पेशंटची बायको प्रयोगशाळेत आली तेव्हा संशोधकाच्या हातात जंतू वाढवायची एक पेट्री डिश होती. आत तिच्या नवऱ्याच्या जखमेतले जंतू सायीसारखे पसरलेले, त्यांवर जंतू खाणाऱ्या दोन विषाणूंचे थेंब सोडलेले. सहकारिणीने शोधलेल्या विषाणूने जंतू फस्त करून नितळ ठिपका पाडला होता. त्याने स्वतः शोधलेल्याचा ठिपका धुरकटच राहिला होता. पण आपला तो बाब्या! औषध म्हणून त्याने स्वतःचाच विषाणू पाठवला होता आणि डिश सहकारिणीच्या नजरेला पडू दिली नव्हती. "पाय कापावा लागला, साहेब," बायको म्हणाली, "पण तुम्ही जिवाचं रान केलंत. हे ठिपके औषधाचे ना? आम्हाला कुठलं दिलंत?" ती वाकली आणि झाकणावरूनच तिने नितळ ठिपक्यावर बोट ठेवलं. "हाच असणार. हे तर आंधळाही सांगेल." खाली बघत त्याने मान डोलावली.