भक्कम लाइन

थोरली लेक वीज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर लागली, तेव्हापासून गल्लीत दिवे गेले तरी तक्रार करायची नाही, असा आईचा दंडकच होता. कुणी फोन हातात घेतला, की ती दारातूनच कडाडायची, "ठेवा तो खाली! माझ्या लेकीचं नाक कापायला निघालात होय? घटकाभर अंधारात बसून कुणी मरत नाही." तिच्या तोंडी लागणार कोण? सगळी गल्ली मेणबत्त्या लावून गप्प बसायची.

लेकीचं काम म्हणजे वादळाआधीच कुठली लाइन पडेल ते कॉम्प्युटरवर मांडायचं आणि दुरुस्तीच्या गाड्या तिथे नेऊन उभ्या करायच्या.

आज भर दुपारी वादळानं गल्लीच्या तोंडचा खांबच आडवा केला. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बॅटरीवर आलं आणि बॅटरी तर जेमतेम दोन तासांची. आईनं जन्मात पहिल्यांदा तक्रारीचा फोन लावला, तोही थेट लेकीला.

"अगं, तुझी गाडी कुठे अडकली?"

"सगळ्या गाड्या नदीपलीकडे आहेत, आई. यायला पाच तास तरी लागतील."

"आणि इकडे एकही ठेवली नाहीस? तुझ्या त्या कॉम्प्युटरला बापाचं घर दिसलं नाही?"





"दिसलं ना, आई. पण तो जुन्या तक्रारी बघून ठरवतो. त्याच्या लेखी आपल्या गल्लीतली वीज बारा वर्षांत एकदाही गेलेली नाही."