दोन आटे जास्त

गावाला पाणी सोडायचं काम सुपडूकडे होतं आणि त्याच्याच घरचा नळ कोरडा. घर पडलं शेवटच्या गल्लीत. म्हणून बावीस वर्षं तो व्हॉल्व रोज दोन आटे जास्त खोलत आला. ही चोरी फक्त त्याच्या बायकोला, धुरपाबाईला ठाऊक होती. तरी पाणी काही येत नसे, आणि ती हंडा डोक्यावर घेऊन हातपंपाची वाट धरी.

आज सकाळी नव्या इंजिनिअर आशा गावित टाकीवर आल्या. त्यांनी व्हॉल्वचं चाक चांगलं आवळून पाण्याचा जोर कमी केला.

"आप्पा, एवढ्या जोरानं सोडलं की जमिनीखालचे सांधे गळतात. टाकी तिथंच रिकामी होते. मग शेवटच्या गल्लीला उरणार काय?"

कालची पोरगी आपल्याला पाणी शिकवते, म्हणून सुपडू मनात हसला.

घरी आला तर नळाची बारीक धार हंड्यात पडत होती. धुरपाबाई वाकलेल्या पाठीनं तिथंच बसून बघत होती. हंडा भरत आला तरी धार चालूच होती.

"तुमना दोन आटा शेवटी कामले उनात," ती म्हणाली.

कामाला आलं होतं ते इंजिनिअरबाईंनी आवळलेलं चाक, हे सुपडूला आता कळलं. खाली वाकून त्यानं भरलेला हंडा उचलला आणि तो दारातच थबकला. इतका जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. बावीस वर्षांत तो हंडा त्यानं पहिल्यांदाच उचलला होता.